विश्लेषण : ट्रॅप-स्कीट शिकायचे तर गन क्लब कसा निवडावा?

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये (२०२४) भारताने नेमबाजीत तीन कांस्यपदके मिळवली. त्यातले एक कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेचे. चौथे पदक अवघ्या एका गुणाने हुकले. स्कीट मिश्र सांघिक प्रकारात महेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंग नरुका या जोडीला कांस्यपदकाच्या लढतीत चीनने ४४-४३ असे हरवले. हवेत उडणाऱ्या मातीच्या तबकड्या शॉटगनने फोडण्याचा हा खेळ आपल्याकडे फारसा पाहिला जात नाही. एखाद्याला तो शिकावासा वाटला, तर पहिला प्रश्न येतो तो क्लबचा. इथे ‘घराजवळचा’ क्लब हा निकष मात्र जवळपास निरुपयोगी ठरतो.

ट्रॅप आणि स्कीट हे प्रकार काय आहेत?

दोन्ही प्रकारांत लक्ष्य एकच. ११० मिलिमीटर व्यासाची, साधारण १०५ ग्रॅम वजनाची बशीसारखी तबकडी. इंग्रजीत तिला ‘क्ले’ म्हणतात, पण प्रत्यक्षात ती चुनखडीची भुकटी आणि डांबरासारखे द्रव्य मिसळून बनवलेली असते. ऑलिम्पिक ट्रॅपमध्ये नेमबाजांच्या पुढे १५ मीटरवर खंदक असतो, त्यात १५ यंत्रे बसवलेली असतात. नेमबाजाने आवाज दिला की त्याच्यासमोरच्या तीनपैकी एका यंत्रातून तबकडी सुटते. कोणत्या, ते त्याला ठाऊक नसते. ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने ती त्याच्यापासून दूर पळते. तिच्यावर दोन गोळ्या झाडता येतात.

स्कीटमध्ये अर्धवर्तुळाकार मैदानावर आठ जागा आणि दोन टोकांना दोन घरे, एक उंच आणि एक बुटके. तबकड्या आडव्या जातात, काही वेळा दोन एकदम, आणि प्रत्येकीसाठी एकच काडतूस. तबकडी दिसेपर्यंत बंदुकीचा दस्ता कमरेजवळ धरून ठेवावा लागतो. दोन्हीकडे एक फेरी २५ तबकड्यांची आणि पात्रता फेरी १२५ तबकड्यांची.

हा फरक क्लब निवडताना उपयोगी पडतो. ‘आमच्याकडे ट्रॅप आहे’ असे सांगणाऱ्या ठिकाणी खंदक आहे की मैदानात ठेवलेले एकच फेकयंत्र, हे विचारून घ्यावे. हौसेसाठी एक यंत्र पुरते. मुलीला राज्य स्पर्धेत उतरवायचे असेल, तर एका यंत्रावरचा वर्षभराचा सराव पहिल्याच खऱ्या खंदकासमोर अपुरा वाटू लागेल.

हे एअर रायफलच्या अकादमीत का शिकता येत नाही?

दहा मीटरची एअर रायफल किंवा एअर पिस्तूल रेंज शाळेच्या सभागृहात बसते. शिवाय ४.५ मिलिमीटर व्यासाच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या हवाई बंदुकांना शस्त्र परवान्याची गरज नाही. म्हणून शहरांत या अकादम्या झटपट उभ्या राहतात.

शॉटगनचे गणित वेगळे. एका काडतुसात जास्तीत जास्त २४ ग्रॅम छर्रे, म्हणजे साधारण अडीचशे ते तीनशे दाणे. ते तबकडीला लागोत वा न लागोत, शेवटी कुठेतरी जमिनीवर पडणारच. त्यासाठी नेमबाजाच्या पुढे पावणेतीनशे मीटरपर्यंतचा पट्टा पंख्याच्या आकारात मोकळा लागतो. त्यात रस्ता नको, शेत नको, गुराखी नको. पुण्या-मुंबईच्या हद्दीत एवढी जमीन ज्याच्याकडे आहे, तो तिथे तबकड्या कशाला फोडेल?

महाराष्ट्राच्या नेमबाजीचा इतिहासही याला धरूनच आहे. अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, रुद्रांक्ष पाटील, स्वप्निल कुसाळे ही सगळी नावे रायफल किंवा पिस्तुलाची. शॉटगनची नावे दुसऱ्या मुलखांतून येतात. बिकानेरचे महाराजा करणी सिंग पाच ऑलिम्पिक खेळले. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ साली अथेन्समध्ये डबल ट्रॅपचे रौप्य मिळवले, ते लष्करात होते. मानवजितसिंग संधू २००६ मध्ये ट्रॅपचे जगज्जेते झाले. संस्थाने, लष्कर आणि मोठी जमीनदारी यांच्या आधाराने हा खेळ टिकला. दिल्लीची तुघलकाबादची करणी सिंग रेंज, जयपूरची जगतपुरा रेंज, पतियाळाचा न्यू मोतीबाग गन क्लब ही त्याची मुख्य ठाणी.

याला छेद दिला तो भोपाळने. मध्य प्रदेश सरकारच्या नेमबाजी अकादमीत मच्छीमार कुटुंबातील मनीषा कीर घडली. २०१८ च्या जागतिक स्पर्धेत तिने कनिष्ठ गटात ट्रॅपचे रौप्य मिळवले. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत (२०२३) भारताच्या महिला ट्रॅप संघाने रौप्य जिंकले, त्या तिघींतही ती होती. बंदूक, काडतुसे, मैदान आणि प्रशिक्षक हे सगळे सरकारने दिले तर हा खेळ श्रीमंतांपुरता राहत नाही, एवढे त्यातून दिसले. महाराष्ट्रात शॉटगनसाठी अशी योजना व्हावी, ही मागणी क्रीडा धोरणाच्या चर्चेत फारशी ऐकू येत नाही.

क्लबचे सदस्य झाले की बंदूक चालवता येते का?

सर्वाधिक गैरसमज इथेच आहेत. बाराबोअर शॉटगन बाळगायला १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना लागतो. २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवान्याच्या अर्जदारासाठी शस्त्र सुरक्षेचे प्रशिक्षण सक्तीचे केले. स्वतःच्या नावावर परवाना मिळण्यासाठी वय २१ पूर्ण हवे. त्याखालील मुलांना प्रशिक्षणासाठी बंदूक हाताळण्याची तरतूद कायद्यात वेगळी आहे, पण ती अटींसह.

२०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला ठेवता येणाऱ्या बंदुका तीनवरून दोनवर आणल्या. या मर्यादेतून रायफल क्लबच्या सदस्यांना सूट आहे. मात्र कायद्याचे शब्द नीट वाचले तर ती सूट .२२ रायफल आणि एअर रायफलने सराव करण्यापुरती आहे. बाराबोअरचा त्यात उल्लेख नाही. पुढे २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने खेळाडूंसाठी शस्त्रांची आणि काडतुसांची मर्यादा वाढवली. ती सवलत खेळाडू म्हणून असलेल्या दर्जावर मिळते, क्लबच्या सदस्यत्वाच्या पावतीवर नाही.

त्यामुळे क्लबला विचारायचा पहिला प्रश्न फीचा नाही. ‘मी ज्या बंदुकीने शिकणार, ती कोणाच्या परवान्यावर आहे?’ हा आहे. उत्तर ‘क्लबच्या’ असेल, तर त्या परवान्यात सदस्यांच्या सरावाचा उद्देश लिहिलेला आहे का आणि तो परवाना चालू आहे का, हे पाहायला मागावे. चांगला क्लब कागद दाखवायला कुरकुर करत नाही. ‘आमच्या सरांची आहे, काही होत नाही’ असे उत्तर आले तर तिथूनच परत फिरावे. एखाद्या फार्महाऊसवर आत्मसंरक्षणासाठी किंवा पिकाच्या राखणीसाठी घेतलेल्या बंदुकीने पाहुण्यांना तबकड्या फोडायला देणे ही मौज नव्हे. विनापरवाना शस्त्र बाळगल्याबद्दल तुरुंगवासाची शिक्षा आहे, आणि अडचणीत यजमान व पाहुणा दोघेही येतात.

संलग्नता का पाहायची?

स्पर्धा खेळायची नसेल तर तिचे महत्त्व कमी. खेळायची असेल तर मात्र राज्य संघटनेची आणि तिच्यामार्फत राष्ट्रीय रायफल संघटनेची मान्यता असलेला क्लबच उपयोगाचा, कारण राज्य स्पर्धेतून राष्ट्रीय स्पर्धेकडे जाणारी वाट तिथूनच निघते. (१९५१ साली स्थापन झालेल्या या राष्ट्रीय संघटनेचे पहिले अध्यक्ष होते ग. वा. मावळंकर, लोकसभेचे पहिले सभापती. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा नेमबाजांना चांगलीच परिचित आहे.)

पहिल्या भेटीत काय पाहावे?

फी भरण्याआधी एक सकाळ नुसते बसून पाहावे. शॉटगनच्या मैदानावरची शिस्त लपून राहत नाही. बंदूक हातात घेऊन चालणारा प्रत्येक जण ती मोडलेली, म्हणजे बिजागरीतून उघडी ठेवून चालतो का? नळ्या रिकाम्या आहेत हे लांबूनही दिसले पाहिजे. काडतूस फक्त नेमबाजीच्या जागेवर उभे राहिल्यावरच भरले जाते का? यंत्र बिघडले, कोणी दुरुस्तीला खंदकात उतरले, तर त्या क्षणी सगळ्या बंदुका उघडल्या जातात का? ही शेवटची गोष्ट एकदा घडताना पाहिली की क्लबबद्दल बरेच कळते. ज्येष्ठ सदस्य किंवा मोठ्या घरचा पाहुणा नियम मोडतो तेव्हा त्याला टोकणारे कोणी आहे का, हेही तेव्हाच दिसते. अनेक जुन्या क्लबांत नियम नवख्यांसाठी असतात. तसे दिसले तर नाव कितीही मोठे असो, तो क्लब टाळावा.

काडतुसांच्या टेबलाकडे लक्ष द्यावे. बाराबोअर आणि वीसबोअर काडतुसे एकत्र पडलेली असतील तर तो गंभीर धोका आहे. वीसबोअरचे बारीक काडतूस बाराबोअरच्या नळीत घसरून पुढे अडकते. बंदूक रिकामी वाटते, मागून दुसरे काडतूस भरले जाते आणि चाप ओढताच नळी हातातच फुटू शकते. याचसाठी वीसबोअर काडतुसे सहसा पिवळ्या रंगाची बनवतात. नीट चालणारा क्लब दोन्ही बोअर एका वेळी मैदानावर आणूच देत नाही, किंवा त्यांच्या जागा काटेकोर वेगळ्या ठेवतो.

कानांचे संरक्षण प्रेक्षकांनाही दिले जाते का, ते पाहावे. बाराबोअरचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो आणि त्याने झालेले नुकसान भरून येत नाही. डोळ्यांना चष्मा हवाच, कारण फुटलेल्या तबकडीचे तुकडे मागेही येतात.

खिशातल्या फोनचा होकायंत्र म्हणूनही उपयोग करावा. आपल्या गोलार्धात रेंजचे तोंड उत्तर ते ईशान्य दिशेला असावे, असे आंतरराष्ट्रीय महासंघाचे मार्गदर्शन आहे, म्हणजे दिवसातल्या बहुतेक वेळी सूर्य पाठीशी राहतो. पश्चिमेला तोंड असलेल्या मैदानावर संध्याकाळचा सराव म्हणजे डोळे दिपवून घेणे. अशा मैदानाची आखणी करताना बाकी काय काय पाहिले गेले नसेल, असा प्रश्न मग पडतो.

प्रशिक्षकाने नवख्याची पहिली चाचणी कशी घेतली, यावरूनही अंदाज येतो. कोणता डोळा प्रबळ आहे, दस्त्याची लांबी अंगाला बसते का, हे न तपासता मोठ्या माणसाची साडेतीन किलोची बंदूक पंधरा वर्षांच्या मुलीच्या खांद्याला लावणारा प्रशिक्षक तिला नेमबाजी शिकवत नाही, धक्क्याची भीती शिकवतो.

खर्च कुठे वाढतो?

सदस्यत्व फी हा लहान आकडा. खरा खर्च काडतुसांचा. आठवड्यातून दोन दिवस, दर दिवशी चार फेऱ्या म्हणजे शंभर तबकड्या, असे वर्षातले पन्नास आठवडे धरले तर दहा हजार तबकड्या झाल्या. ट्रॅपमध्ये दुसरी गोळी झाडली की काडतुसे त्याहून जास्त. सामान्य परवान्यावरची काडतुसांची वार्षिक मर्यादा याच्या जवळपासही पोहोचत नाही. म्हणून काडतुसे क्लब पुरवतो की स्वतः आणायची, क्लबचा कोटा संपल्यावर सराव बंद पडतो का, आणि न वापरलेली काडतुसे मोजून परत घेतली जातात का, हे लेखी विचारावे. काडतुसांची नोंदवही नसलेला क्लब स्वस्त पडत असला, तरी तो टाळावा.

छऱ्यांतल्या शिशाचे काय?

छरे बहुधा शिशाचे असतात. शंभर तबकड्यांमागे किमान शंभर काडतुसे, म्हणजे २.४ किलो शिसे एका नेमबाजाकडून एका दिवसात मातीत जाते. पाच जण असतील तर बारा किलो. आम्लधर्मी मातीत आणि मुसळधार पावसात शिसे लवकर विरघळते, त्यामुळे कोकणात किंवा घाटमाथ्यावर ओढ्याकाठी काढलेली रेंज ही शेजारच्या गावाची चिंता ठरू शकते. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ जागांवर शिशाच्या छऱ्यांना बंदी घातली आहे. मैदानाच्या उतारावर विहीर किंवा ओढा आहे का, छरे वेळोवेळी गोळा केले जातात का, हे विचारणारा नवा सदस्य क्लबला खटकेल कदाचित. पण गावाने तक्रार केली की बंद पडणारी रेंज सदस्याच्याही उपयोगाची नसते.

परदेशातल्या मराठी कुटुंबांनी काय लक्षात ठेवावे?

ब्रिटनमध्ये प्रवेश सोपा आहे. १९६८ च्या कायद्यानुसार पोलीसप्रमुखांनी मान्य केलेल्या ठिकाणी आणि वेळी, प्रमाणपत्र नसलेली व्यक्तीही तबकड्यांवर शॉटगन चालवू शकते. क्लबकडे ही मान्यता आहे आणि ती त्या दिवसाला लागू आहे, एवढे विचारावे.

अमेरिकेत उलट. तिथे शनिवारी मित्रांबरोबर रेंजवर जाणे ही साधी गोष्ट वाटते आणि भाड्याची बंदूक काउंटरवर मिळते. पण एच-१बी, एफ-१ यांसारख्या तात्पुरत्या व्हिसावर आलेल्यांना तिथला संघीय कायदा बंदूक किंवा काडतूस ताब्यात ठेवायलाच मनाई करतो. रेंजवर काही मिनिटांसाठी हातात घेतलेली भाड्याची बंदूकही ‘ताबा’ ठरू शकते. वैध शिकार परवाना असणे यासारखे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही. क्लबच्या अर्जातला व्हिसाविषयीचा रकाना घाईत भरण्याआधी, आपला दर्जा कोणत्या बाजूला पडतो हे इमिग्रेशन वकिलाकडून समजून घ्यावे, कारण चूक झाली तर प्रश्न दंडापुरता राहत नाही, व्हिसाही पणाला लागतो.