सुरक्षा अधिकारी कुणाचा माणूस?

भिलाई पोलाद कारखान्यात जून 2014 मध्ये विषारी वायूने सहा जण गेले, त्यांत दोन उपमहाव्यवस्थापक. वायू हुद्दा विचारत नाही! 9 ऑक्टोबर 2018 ला कोक ओव्हनच्या गॅसवाहिनीवर काम चालू असताना भडका उडाला, दहाहून अधिक कामगार दगावले. कारखान्याचे प्रमुख हटवले, सुरक्षेचे महाव्यवस्थापक निलंबित केले. पण आम्ही विचारतो, काम थांबवण्याचा अखेरचा अधिकार सुरक्षा खात्याला होता काय? अणुवीज केंद्रांवर देखरेखीला 1983 साली मंडळ नेमले, तेही अणुऊर्जा आयोगाच्याच हाताखाली! रेल्वेतल्या साथींना ठाऊक आहे, रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाचा नसतो, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचा असतो. कारखान्यातल्या सुरक्षा अधिकाऱ्याची बढती मात्र उत्पादनाचे आकडे मागणाऱ्या साहेबाच्याच हाती. ती त्या हातातून काढा, ही आमची मागणी आहे.