इतिहासाच्या उत्तरात मुलीचं मत दिसायला हवं



आज पर्व, उपवास, फराळ यातलं काही नाही. आजचा विषय आपल्या मुलींच्या अभ्यासाचा आहे, आणि त्यातही विसाव्या शतकातल्या युरोपच्या इतिहासाचा. ऐकूनच एखादी काकू म्हणेल, "आपल्याला काय करायचंय त्या युरोपशी?" पण आपल्या घराघरांतून आता मुली स्पर्धा परीक्षांना बसत आहेत. सीबीएसईच्या नववीला नाझीवादाचा आख्खा धडा वर्षानुवर्षं शिकवला गेला आहे. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पेपरात महायुद्धांवर प्रश्न येतात. आणि तसा तो युरोप आपल्यापासून फार लांबही नव्हता. पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून जास्त भारतीय परदेशी आघाड्यांवर गेले. आपल्या साताऱ्याजवळचं अपशिंगे आजही 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखलं जातं.

मी इतिहास घेऊन बी.ए. केलं. त्यामुळे नात्यातल्या, शेजारपाजारच्या मुली वह्या घेऊन येतात. त्यांची उत्तरं वाचून माझं एक मत पक्कं झालं आहे. आपल्या मुलींचे मार्क माहिती कमी म्हणून जात नाहीत, निर्णय लिहीत नाहीत म्हणून जातात. आणि या सवयीचं मूळ शाळेत कमी, आपल्या घरात जास्त आहे.

आधी प्रश्न नीट वाचू. इतिहासाच्या प्रश्नात सगळ्यात महत्त्वाचा शब्द बहुतेक वेळा शेवटी येतो. 'वर्णन करा' म्हटलं तर काय झालं ते सांगायचं. 'कारणे द्या' म्हटलं तर का झालं ते. 'मूल्यमापन करा' किंवा 'कितपत बरोबर आहे' असं म्हटलं की मामला बदलतो. तिथे परीक्षक एक विधान पुढे ठेवतो आणि विचारतो, हे तुला पटतं का, किती पटतं, आणि कशावरून?

उदाहरणच घ्या. यूपीएससीने २०२४ साली विचारलं होतं की, पहिलं महायुद्ध मुख्यतः सत्तासंतुलन टिकवण्यासाठी लढलं गेलं हे म्हणणं कितपत बरोबर आहे? २०२१ साली एक विधान दिलं होतं की, दोन महायुद्धांच्या मधल्या काळात लोकशाही राज्यव्यवस्थेपुढे गंभीर आव्हान उभं राहिलं, आणि त्याचं मूल्यमापन करायला सांगितलं होतं. अशा प्रश्नावर मुली काय लिहितात? 'महायुद्ध' शब्द दिसला की पाठ केलेला पाढा सुरू. सारायेव्हो, २८ जून १९१४, आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडची हत्या, मग गट, मग साम्राज्यवाद, मग राष्ट्रवाद. सगळं बरोबर. पण विचारलं होतं 'कितपत', आणि त्या एका शब्दाला उत्तर मिळालेलंच नसतं. लग्नघरी कुणी विचारावं, "जेवण किती जणांचं?" आणि आपण मेनू वाचून दाखवावा, तसं हे.

आता एक प्रश्न पूर्ण सोडवून बघू. 'हिटलरच्या उदयाला व्हर्सायचा तह कितपत जबाबदार होता?' हा प्रश्न शाळेपासून एम.ए.पर्यंत कुठेही येऊ शकतो.

पहिला भाग, तहाच्या बाजूने काय म्हणता येईल? तह २८ जून १९१९ ला झाला. त्यातल्या २३१व्या कलमाने युद्धातल्या नुकसानीची जबाबदारी जर्मनी आणि त्याच्या मित्रराष्ट्रांवर टाकली. सैन्य एक लाखावर आणलं. आल्सेस-लोरेन फ्रान्सकडे गेलं. १९२१ साली नुकसानभरपाईचा आकडा १३२ अब्ज सुवर्ण मार्क ठरला. हा अपमान जर्मन माणसाच्या मनात सलत होता आणि हिटलर प्रत्येक सभेत त्याच जखमेवर बोट ठेवत होता. म्हणजे तहाचा वाटा आहे, यात शंका नाही.

पण इथेच थांबायचं नाही. कारणाची परीक्षा घ्यायची. स्वतःला विचारायचं, हे एकच कारण पुरेसं असतं तर परिणाम लगेच का नाही दिसला? मे १९२८ च्या निवडणुकीत, म्हणजे तहाला जवळजवळ नऊ वर्षं झाल्यावर, हिटलरच्या पक्षाला २.६ टक्के मतं आणि फक्त १२ जागा मिळाल्या. तह तोच होता, अपमान तोच होता, तरी लोक त्याच्या मागे गेले नव्हते.

मग मध्ये काय घडलं? ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. जर्मनीची घडी १९२४ नंतर अमेरिकन कर्जावर बसली होती, ती कर्जं परत मागितली जाऊ लागली. कारखाने बंद पडले, १९३२ पर्यंत बेकारांची संख्या साठ लाखांच्या घरात गेली. सप्टेंबर १९३० मध्ये नाझी पक्षाच्या जागा १०७ झाल्या, जुलै १९३२ मध्ये २३०. हे आकडे शेजारी शेजारी मांडले की मंदीचा वाटा मुलीला आपोआप दिसतो, तो पाठ करावा लागत नाही.

तरीही गोष्ट पूर्ण होत नाही. जुलै १९३२ मध्येसुद्धा त्याला सुमारे ३७ टक्केच मतं होती, बहुमत नव्हतं. नोव्हेंबरच्या निवडणुकीत तर जागा घटून १९६ झाल्या. म्हणजे लाट ओसरू लागली होती. आणि तरी ३० जानेवारी १९३३ ला राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी हिटलरला चॅन्सलर नेमलं. त्यासाठी खटपट केली ती फ्रान्झ फॉन पापेन आणि त्याच्यासारख्या काही प्रतिष्ठित मंडळींनी. मंत्रिमंडळात हिटलर धरून नाझी तीनच, बाकी आपलीच माणसं, तेव्हा याला मुठीत ठेवू, असा त्यांचा हिशेब होता. दोन महिन्यांच्या आत हिशेब उलटला. २३ मार्च १९३३ ला संसदेने ४४४ विरुद्ध ९४ मतांनी कायदे करण्याचा अधिकार सरकारच्या हाती दिला. कम्युनिस्ट सदस्यांना आधीच तुरुंगात टाकलं होतं किंवा पळवून लावलं होतं. विरोधात मत दिलं ते फक्त सोशल डेमोक्रॅट पक्षाने. बाकीच्या पक्षांनी, कुणी भीतीने, कुणी आश्वासनांवर विसंबून, हो म्हटलं.

आता निर्णय लिहायचा. माझ्याकडच्या मुलींना मी तो पहिल्याच वाक्यात लिहायला लावते: "व्हर्सायच्या तहाने हिटलरला मुद्दा दिला, पण मतं मंदीने दिली आणि सत्ता सत्ताधारी वर्गाच्या चुकीच्या हिशेबाने दिली, म्हणून तहाची जबाबदारी खरी असली तरी मर्यादित आहे." पुढचा प्रत्येक परिच्छेद या वाक्यातल्या एकेका भागाचा पुरावा. शेवटी पुन्हा सगळा सारांश नको, निर्णय एका ओळीत पक्का केला की झालं. मुख्य परीक्षेच्या त्या पेपरात तीन तासांत वीस प्रश्न असतात, म्हणजे एकाला सरासरी नऊ मिनिटं. पहिली दीड-दोन मिनिटं फक्त हे एक वाक्य ठरवण्यात घालवली तरी वाया जात नाहीत.

कुणाला याच पुराव्यावरून तहाचा वाटा मोठा वाटेल. ती म्हणेल, तहाची कटुता नसती तर मंदीचा फायदा हिटलरसारख्याला झालाच नसता. मंदी तर इंग्लंड-अमेरिकेतही होती, तिथे कुठे हुकूमशहा आला? हेही चांगलं उत्तर आहे. मार्क निर्णय कोणता यावर कमी आणि तो पुराव्याने उभा केला का यावर जास्त मिळतात.

"पण परीक्षकाचं मत वेगळं असलं तर?" हा प्रश्न मुलींपेक्षा आयाच जास्त विचारतात. त्यांना मी सांगते, मोठमोठ्या इतिहासकारांचंही एकमत नाही. फ्रिट्झ फिशर या जर्मन इतिहासकाराने १९६१ साली पहिल्या महायुद्धाची मोठी जबाबदारी आपल्याच देशाच्या राज्यकर्त्यांवर टाकली, आणि जर्मनीत गदारोळ झाला. २०१२ साली ख्रिस्तोफर क्लार्क यांनी 'द स्लीपवॉकर्स' या पुस्तकात ती जबाबदारी अनेक देशांच्या राज्यकर्त्यांमध्ये वाटून दाखवली. एवढे अभ्यासक शंभर वर्षं वाद घालत आहेत, तर आपल्या मुलीने अडीचशे शब्दांत आपली बाजू मांडली तर कुणाचं काय बिघडतं?

इथे एक गोष्ट आपल्या घरातली बोलते. मुली शेवटी लिहितात, "अशा प्रकारे सर्वच कारणे महत्त्वाची होती." विचारलं तर म्हणतात, "मावशी, अनेकांत नाही का? सगळ्यांचं थोडं थोडं खरं." मला हे अजिबात मान्य नाही. अनेकांत म्हणजे दोन्ही डगरींवर हात ठेवणं नव्हे. 'स्यात्' याचा अर्थ 'कदाचित' असा नाही, 'एका विशिष्ट अपेक्षेने' असा आहे. कोणत्या अपेक्षेने, हे सांगणं त्यात आलंच. लोकांच्या मनातल्या रागाच्या दृष्टीने तह मोठा, मतं वाढण्याच्या दृष्टीने मंदी मोठी, सत्ता प्रत्यक्ष हाती येण्याच्या दृष्टीने पापेन-हिंडेनबुर्ग मोठे. असं प्रत्येक बाजूला तिची जागा दाखवून दिली तर तो अनेकांत. जागा न दाखवता सगळ्यांना सारखंच म्हणणं हा निव्वळ आळस आहे.

दुसरं टोकही दिसतं. काही मुली भरभरून लिहितात की हिटलर क्रूर होता, दुष्ट होता. साठ लाख ज्यूंची हत्या वाचून ज्या मुलीचं मन हलत नाही तिची मला काळजीच वाटेल. पण 'तो दुष्ट होता' हे 'तो सत्तेवर कसा आला' याचं उत्तर नाही. उलट सगळं एका माणसावर ढकललं की बाकीचे सगळे सुटतात. त्याला वापरून घेऊ म्हणणारे सुटतात, घाबरून हात वर करणारे सुटतात, आपल्याला काय त्याचं म्हणून गप्प बसलेले शेजारीही सुटतात. हे धडे मुलींनी शिकावेत असं मला वाटतं ते परीक्षेपुरतं नाही.

आता कडू बोलते, राग मानू नका. घरात काही ठरवायचं असलं की आपण मुलाला विचारतो, "तुझं काय म्हणणं?" मुलीने तोंड उघडलं तर "मोठ्यांच्या मध्ये बोलू नये." पाहुण्यांपुढे सगळ्यांचं ऐकून घेणारी, कुणाला न दुखावणारी मुलगी आपल्याला गुणी वाटते. वीस वर्षं असं वाढवायचं आणि मग परीक्षेच्या हॉलमध्ये नऊ मिनिटांत तिने ठाम निर्णय लिहावा अशी अपेक्षा करायची! माझ्या ओळखीची एक मुलगी मुख्य परीक्षेत थोडक्यात राहिली. तिच्या सरावाच्या वह्या मी पाहिल्या. तारखा चोख, अक्षर मोत्यासारखं, पण वीस उत्तरांत एकदाही 'माझ्या मते' नव्हतं, की ठाम असं एक वाक्य नव्हतं. घरी ठरलंय, हा शेवटचा प्रयत्न, नंतर स्थळं बघायची. त्या मुलीला पुन्हा पाठांतर करून घेऊन उपयोग नाही. तिला निर्णय घेण्याचा सराव हवा आहे.

पाठांतर सोडा असं मी म्हणत नाही. तारखा आणि आकडे तोंडावर असलेच पाहिजेत. १९२८ च्या १२ जागा माहीत नसतील तर तहाची परीक्षा कशी घेणार? डब्यात जिन्नस नसेल तर फोडणी कशाची द्यायची?

आणि हा सराव घ्यायला आईला इतिहास यायला हवा असंही नाही. पोळ्या लाटता लाटता मुलीला चारच गोष्टी विचारा. प्रश्न नेमकं काय विचारतोय? तुझं उत्तर एका वाक्यात सांग. कशावरून म्हणतेस? आणि ते कारण नसतं तर हे घडलं असतं का? ती अडखळेल, चिडेल, "आई, तुला नाही कळायचं" म्हणेल. तुम्ही लाटणं खाली ठेवू नका, पुन्हा विचारा. जी गोष्ट तुम्हाला समजावून सांगता आली ती तिला पेपरात लिहिता येईल.

सुरुवात युरोपपासूनच करायला हवी असं नाही. दिवाळीच्या खरेदीपासून करा, धाकट्याच्या शाळेपासून करा. तिला मत विचारा, कारण विचारा, आणि पटलं तर तिच्या मताप्रमाणे एखादी गोष्ट खरोखर करा. आपलं म्हणणं कुणीतरी ऐकतं हे तिला घरात कळलं, तर परीक्षकापुढे ते लिहायला तिचा हात थांबणार नाही.

जय जिनेंद्र.