क्लिपा लावायचं वय

दातांना क्लिपा लावून मी शाळेत गेले, त्या आठवड्यात स्टाफरूममध्ये विषय एकच होता. "मॅडम, आता या वयात कायले?" लेक कॉलेजात, आपण पंचेचाळिशीच्या घरात आणि हसलं की तोंडात तारा. आमच्या गडचिरोलीत पन्नाशीतला माणूस दात काढून कवळी बसवतो, त्याला कुणी काही विचारत नाही. असलेले दात ओळीत आणायला निघालं की तो शौक ठरतो.

टोमणा सोडला तर प्रश्न रास्तच आहे. या वयात दात सरकतात का? सरकतात. दाताचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा पातळ थर असतो. तार ज्या दिशेला ओढते तिकडचं हाड झिजतं आणि मागे सुटलेल्या जागेत नवं भरतं. वेग महिन्याला साधारण 1 मिलिमीटर. चौदाव्या वर्षी हेच घडतं, साठाव्या वर्षीही हेच. मोठ्यांत सुरुवात जरा रेंगाळते, इतकंच. तार आवळल्यावर पहिले चार दिवस मात्र वय आठवतं. वरणात कुस्करलेली भाकरही दाढेला नकोशी होते. तर्रीपोह्यातला चणा तारेखाली अडकला, तर तो काढायला आरसा, बारका ब्रश आणि बंद दार लागतं.

मोठ्यांचं खरं अडतं ते हिरड्यांपाशी. हिरड्या सुजलेल्या, आतलं हाड खचलेलं, अशा दाताला ओढ दिली तर तो ओळीत यायच्या ऐवजी हातात यायचा. म्हणून आधी हिरड्यांचा इलाज, मग तारा. त्यात आमच्याकडे खर्रा. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे. खर्रा मात्र पानठेल्यावर डोळ्यांदेखत पन्नीवर घोटून मिळतो. सुपारी, तंबाखू, चुना. 'मुक्तिपथ' या व्यसनमुक्ती मोहिमेची माणसं 2016 पासून जिल्ह्यात गावोगाव याच्या मागे लागली आहेत, तरी लग्नघरी पाहुण्यापुढे पुडी सरकतेच. सुपारीनं गालाचं आतलं अस्तर ताठरतं, तोंड उघडेनासं होतं. उभी तीन बोटं तोंडात जात नसतील, तर मागच्या दाढेपर्यंत डॉक्टरचा हात पोचणार कसा? अशा तिशीतल्या तरुणापुढे माझी पंचेचाळिशी कोवळी म्हणायची!

चंद्रपूरकडच्या काही गावांत आणखी एक भानगड आहे, पाण्यातल्या फ्लोराइडची. लहानपणी असं पाणी प्यायलेल्यांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग राहतात आणि त्या दातांवर चिकटवलेली क्लिप लवकर सुटते. सुटली की पुन्हा बस धरायची. उपचार दीड-दोन वर्षांचा, फेरी महिन्याची. सिरोंच्याहून गडचिरोलीच दोनशे किलोमीटरच्या आसपास, आणि कमी खर्चात करायचं तर नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा वर्ध्याजवळच्या सावंगीचं दंत महाविद्यालय गाठायचं. भामरागडात तार सुटून गालात टोचू लागली, तर तिच्यावर मेण लावून दिवस काढायचे.

इतकं सोसून मोठ्यांना जे मिळत नाही, ते वेगळंच आहे. दात सरकतात, जबडा वाढत नाही. टाळूच्या मधोमध एक शिवण असते. वाढत्या वयात ती सैल असते, तेव्हा बारकी किल्ली फिरवून वरचा जबडा रुंद करता येतो. खालचा जबडा मागे राहिलेल्या पोराला वाढीच्या भरात ट्विन ब्लॉक देतात. स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी तो 1977 साली पहिल्यांदा वापरला. वरखाली दोन ठोकळे, तोंड मिटलं की खालचा जबडा पुढे येतो. वाढ संपल्यावर त्याच पोरापुढे दोनच वाटा उरतात: चांगल्या उपदाढा काढून समोरचे दात मागे घ्यायचे, नाहीतर जबड्याची शस्त्रक्रिया. मुलींची वाढ मुलांच्या आधी होते आणि आधी थांबते. म्हणजे दहा-बारा वर्षांच्या पोरीचं तोंड कुणीतरी बघायला हवं.

नेमकी त्याच वयाची आमच्याकडची पोर आश्रमशाळेत असते, मायबाप गावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. वजन, रक्त, हृदय, डोळे तपासण्याच्या घाईत जबड्याची ठेवण बघायला सवड कुणाला? दुधाच्या दाढा किडून आधीच गेलेल्या असतात. 'दुधाचेच होते, पडणारच' म्हणून त्या सोडून दिल्या जातात. रिकाम्या जागेत शेजारचे दात कलतात आणि मागून येणाऱ्या दाताला उगवायला जागाच राहत नाही. तिथे वेळेवर एक साधी तारेची कडी बसवली असती, तर जागा राखली गेली असती.

क्लिपांचा खर्च सरकारनं उचलावा, असं मी म्हणत नाही. मागितलं तरी मिळणार नाही. पाचवीच्या वर्गाची तपासणी मात्र गुरुजींनाही जमेल. पोरीला मागच्या दाढा एकमेकींवर टेकवायला सांगा, ओठ वर करा. समोरच्या वरच्या आणि खालच्या दातांमध्ये बोट मावत असेल किंवा वरच्या दाढा खालच्यांच्या आत बसत असतील, तर तिचं नाव वेगळ्या कागदावर लिहा आणि पुढच्या पथकाच्या हाती द्या.