शुगर-फ्री म्हणजे उपचार नव्हे

भिवंडीतल्या साध्या किराणा दुकानातही आता ‘शुगर-फ्री’ बिस्किटांचे पुडे आणि गोड गोळ्यांच्या डब्या मिळतात. वस्तीतल्या बैठकांत बाया त्याबद्दल दोन टोकांचे प्रश्न विचारतात. एक म्हणते, “ताई, यानं कॅन्सर होतो का?” दुसरी म्हणते, “हे घेतलं की डायबेटीसच्या गोळ्या बंद केल्या तर चालतील ना?” पहिल्या प्रश्नाची वर्तमानपत्रांत भरपूर चर्चा झाली. आपल्याला जास्त घोर लागायला हवा तो दुसऱ्या प्रश्नाचा.

आधी कॅन्सरचे पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जुलै २०२३ मध्ये अ‍ॅस्पार्टेम हा गोडवा ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात टाकला. पुरावा तोकडा असला, पण सोडून देण्याजोगा नसला, तर पदार्थ या गटात जातो. त्याच वेळी तज्ज्ञांच्या दुसऱ्या समितीने रोजची मर्यादा पूर्वीचीच ठेवली, वजनाच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅम. पन्नास किलोच्या बाईला ही मर्यादा २,००० मिलिग्रॅम होते. चहातल्या दोन-चार गोळ्या तिच्या जवळपासही जात नाहीत. बारा किलोच्या मुलाला मात्र ती ४८० मिलिग्रॅमच, म्हणून मुलांना हे पदार्थ सवयीचे करू नयेत. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असणाऱ्यांनी तर अ‍ॅस्पार्टेम टाळायलाच हवे.

म्हणजे घाबरून जाण्याचे कारण नाही. पण भरवसा ठेवण्याचेही नाही. मे २०२३ मध्ये याच संघटनेने सांगितले की वजन कमी करण्यासाठी असे गोडवे वापरू नयेत, दीर्घकाळात त्यांचा फायदा दिसत नाही. हा सल्ला आधीच डायबेटीस असलेल्यांसाठी नव्हता. त्यांनी साखरेऐवजी गोळी घ्यायला हरकत नाही, पण औषध, आहार आणि तपासणी यांतले काहीच त्यामुळे सुटत नाही. शुगर-फ्री बिस्किटात साखर नसली तरी बहुधा मैदा असतो, आणि पोटात गेल्यावर मैद्याचीही साखरच होते. हे पुड्यावर मोठ्या अक्षरात कोण लिहील?

खरी मेख इथे आहे. घरात नवऱ्याला डायबेटीस निघाला की त्याच्यासाठी वेगळी भाजी शिजते, पथ्य सांभाळले जाते. बाईला निघाला तर उरलेला भात वाया जाऊ नये म्हणून तिच्याच ताटात पडतो. कांड्या भरणारी किंवा धागे कापणारी बाई तपासणीच्या रांगेत उभी राहिली की त्या दिवसाची मजुरी बुडते. मग डबीतली गोड गोळी हाच तिचा स्वस्तातला उपचार होतो. चहा फिका लागत नाही, मनाला समाधान मिळते, आणि रक्तातली साखर मुकाट्याने डोळे, मूत्रपिंड, पाय पोखरत राहते. तिच्या अज्ञानाला नावे ठेवणे सोपे आहे. पण ज्या घरात आणि ज्या व्यवस्थेत बाईच्या आजाराचा नंबर शेवटी लागतो, तिथे ती दुसरे काय करणार?

सरकारी आरोग्य केंद्रांत तिशीपुढच्या सर्वांची डायबेटीस व रक्तदाबाची तपासणी मोफत होते. ती सकाळच्या कामाच्या वेळेतच का? संध्याकाळी, वस्तीत का नको? दुसरी गोष्ट लेबलची. कायद्याप्रमाणे लेबल इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असले की पुरते. मराठी, उर्दू, तेलुगू बोलणाऱ्या आपल्या भिवंडीत ती बारीक अक्षरे किती जणींच्या कामाची?

मैत्रिणींनो, डबी फेकून द्या असे मी म्हणत नाही. डबी हातात घेतलीत तर एवढेच विचारा, माझी साखर शेवटची कधी तपासली? उत्तर आठवत नसेल तर आधी शेजारणीला सोबत घेऊन तपासणीला जा. आणि तपासणी वस्तीत आली पाहिजे, ही मागणी मोहल्ल्याच्या पुढच्या सभेत सगळ्याजणी मिळून मांडू या.