खुनी कोण, हे गावाला ठाऊक असते तेव्हा

सुट्टीत वाचायच्या रहस्यमय प्रेमकथेचा साचा ठरलेला असतो. लख्ख ऊन, परके गाव, नवी ओळख, मग एक मृत्यू. सुट्टी संपेपर्यंत गुन्हेगार सापडतो आणि दोघांचे जुळते. अगाथा ख्रिस्तीच्या 'ईव्हिल अंडर द सन' या १९४१ च्या कादंबरीत हा डाव बेटावरच्या हॉटेलात रंगतो. तिथे जमलेले लोक एकमेकांना पुरते ओळखत नाहीत, म्हणूनच प्रत्येकावर संशय घेता येतो. मराठीतही बाबूराव अर्नाळकरांपासून सुहास शिरवळकरांपर्यंत रहस्यकथेने कितीतरी जणांना वाचनाची गोडी लावली. या वाङ्मयाला हलके म्हणून हिणवणे मला मान्य नाही.

चिंता वेगळी आहे. उद्या कोणी ही कथा गोव्याच्या किनाऱ्यावरून सोलापूर जिल्ह्यातल्या माढ्यात आणेल. जरूर आणावी. उन्हाला इथे तोटा नाही, तालुक्यात उजनीचे धरण आहे, माढेश्वरीचे देऊळ आहे, कुर्डुवाडी जंक्शनला उतरणारा पाहुणाही आहे. नाही तो फक्त अनोळखीपणा. पाहुणा कोणाकडे आला, आडनाव काय, हे पाण्याचा तांब्या पुढे करतानाच विचारले जाते. मोटारसायकल कोणाची आणि मागे बसलेली मुलगी कोणाची, हे गाडी वळणाआड जायच्या आत टपरीवर कळलेले असते. शिवाय मे महिना लग्नसराईचा. कॉलेजला सुट्टी लागली की कितीतरी घरांत मुलीसाठी स्थळे पाहणे सुरू होते.

अशा गावात प्रेमापायी कोणाचा जीव गेला, तर त्यात रहस्य कसले? शेजारच्या करमाळा तालुक्यातल्या नागराज मंजुळे यांनी 'सैराट' या चित्रपटात (२०१६) हे नेमके ओळखले. शेवटी पळून जाऊन लग्न केलेल्या जोडप्याला मारायला दारात येतात ती मुलीच्या माहेरचीच माणसे. त्यांना हुडकायला गुप्तहेर लागत नाही. प्रश्न उरतो तो हा, की आधीपासून कोणाकोणाला माहीत होते आणि ते गप्प का बसले.

धोका इथेच आहे. साचा सांभाळण्यासाठी लेखकाने बाहेरचा एखादा विकृत खुनी उभा केला, की घर, भावकी आणि जात तिन्ही सुटतात. वाचकही सुटतो. मेलेली मुलगी पहिल्या प्रकरणाची सोय होऊन बसते आणि अशा मरणाची आपल्याला सवय होते.

सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१८ रोजी शक्ती वाहिनी खटल्यात घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न करणाऱ्या जोडप्यांसाठी जिल्ह्यांत विशेष कक्ष आणि सुरक्षित निवाऱ्याबाबत निर्देश दिले. तरीही विशेष विवाह कायदा, १९५४ नुसार लग्नाआधी नोटीस द्यावी लागते, ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावली जाते, आणि तीस दिवस थांबावे लागते. ती कोणी वाचली, घरी फोन कोणी केला, गाड्या कोणी काढल्या? कादंबरीला लागणारी सारी उत्कंठा या तीस दिवसांत आहे.

माढ्यावर लिहिणाऱ्यांनी ते तीस दिवस लिहावेत, आणि त्या दोघांना शेवटच्या पानापर्यंत जिवंत ठेवावे.