प्रवेश मिळाला, पुस्तकाचे काय?

दृष्टिहीन विद्यार्थ्यांच्या बाबतीत आपल्या देशाचा कायदा मागे आहे, असे आता म्हणता येणार नाही. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि अशा विद्यार्थ्याला वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तकाची प्रत तयार करण्यासाठी प्रकाशकाच्या परवानगीची गरज उरली नाही. नफा मात्र घेता येत नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून कार्यरत असलेल्या दृष्टिहीनांसाठीच्या केंद्राचाही या मागणीत वाटा होता. २०१३ च्या मराकेश कराराला २०१४ साली सर्वप्रथम मान्यता दिली ती भारताने. पुढे २०१६ च्या कायद्याने शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत दिव्यांगांसाठी किमान ५ टक्के जागा राखून ठेवल्या.

मग घोडे अडते कोठे? आमच्या मते, मराठीत.

इंग्रजी पुस्तकाची फाइल संगणकावरील स्क्रीन रीडर बहुधा सहज वाचून दाखवतो. मराठी पुस्तकांचे तसे नाही. कित्येक वर्षे आपली पुस्तके श्रीलिपीसारख्या प्रणालींच्या जुन्या फाँटमध्ये जुळवली गेली. या फाँटमध्ये पडद्यावर ‘क’ दिसतो, पण संगणकाच्या लेखी तेथे एखादे रोमन अक्षर अथवा चिन्ह असते. डोळस वाचकाला याचा पत्ताही लागत नाही. दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या कानी मात्र निरर्थक आवाज पडतात. युनिकोडमध्ये जुळवलेल्या मजकुराला ही अडचण येत नाही. प्राध्यापक मोबाइलवर नोट्सची छायाचित्रे पाठवतात, तीही स्क्रीन रीडरला मुकीच. छायाचित्रातून अक्षरे ओळखणारी साधने आता उपलब्ध आहेत. परंतु जोडाक्षरे, तळटीपा आणि तक्ते यांत ती चुकतात. त्यामुळे कोणीतरी मुद्रितशोधन करावेच लागते.

परीक्षेच्या लेखनिकाची चर्चा दरवर्षी होते, आणि ती व्हावीच. पण वर्षभर जे वाचायलाच मिळाले नाही, ते लेखनिकाला सांगायचे तरी कसे?

होळीच्या विद्यार्थ्याने एका पुस्तकासाठी वसई रोडहून लोकल पकडून धोबीतलाव गाठावे, हा काही उपाय नव्हे. २०१२ च्या दुरुस्तीने ही मुभा केवळ अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थांना दिलेली नाही. मान्यताप्राप्त शैक्षणिक संस्था आणि ग्रंथालयेही अशी प्रत करू शकतात. म्हणजे आपल्या संत गोन्सालो गार्सिया अथवा वर्तक महाविद्यालयाच्या ग्रंथालयालाही तो अधिकार आहे. प्रवेश निश्चित होताच पुस्तकांची यादी हाती आली, तर सत्र सुरू होण्यापूर्वी काम उरकता येईल. सहामाही उलटल्यावर मिळालेले पुस्तक काय कामाचे? २०१६ साली सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयात आधी शोध घ्यावा. तेथे असलेले पुस्तक पुन्हा करण्याचे कारण नाही.

राहिला प्रश्न मुद्रितशोधनाचा. वसईच्या धर्मग्रामांत निवृत्त शिक्षकांची वाण नाही. ऱ्हस्वदीर्घाची चूक त्यांच्या नजरेतून सुटत नाही, हे आम्हा संपादकांना त्यांच्या पत्रांवरून पुरते ठाऊक आहे! महिन्याला पन्नास पाने तपासण्यास तयार असणाऱ्या बंधुभगिनींनी जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना जूनपूर्वी भेटावे.