बसवणारे आपण, तर उठवणारे कोण?

वनहक्क समिती आपण ग्रामसभेत निवडतो. तशीच शाळा व्यवस्थापन समितीही आपलीच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं तिच्यात चारात तीन पालक अन् निम्म्या बाया पाहिजेत. पण जिंतूरच्या डोंगराकडच्या आपल्या आंध वस्त्यांत काय दिसतं? बैठक कागदावर, अध्यक्ष सहीपुरता. पोरं आईबापामागं ऊसतोडीला जातात, कुणी विचारत नाही.

मध्य प्रदेशात सरपंचाला मतदानानं खुर्चीवरून उतरवता येतं. शाळा समितीसाठी शिक्षण हक्क कायद्यात तसं कलम नाही. म्हणून गप बसायचं का? पालकसभा बोलवा. इतिवृत्ताची वही मागा, खिचडीचा हिशोब विचारा. काम न करणाऱ्याचा राजीनामा मागा, ठराव गटशिक्षणाधिकाऱ्याकडं द्या अन् पोच घ्या.

जमीन कसणाऱ्याची, तशी शाळा लेकरांची!